इंटरप्ट अडवून न धरता कर्नलची रांग चालवता येते का?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. सध्या मोटर नियंत्रणाच्या एका बोर्डावर काम करतो आहे. १६८ मेगाहर्ट्झवर चालणारा एकच कॉर्टेक्स-एम४ कोअर आहे, त्यावर एक प्रचलित खुले रिअल-टाइम कर्नल (टास्कांना, म्हणजे वेगवेगळ्या कामांना, प्राधान्याने प्रोसेसर वाटून देणारा गाभा) आहे, आणि विद्युतप्रवाह मोजणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला आपल्याकडे वळवणारी हाक) सेकंदाला २०,००० वेळा, म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदांनी येतो. या इंटरप्टच्या पहिल्या ओळीत मी एक पिन वर करतो, शेवटच्या ओळीत खाली आणतो, आणि ऑसिलोस्कोपवर टायमरच्या सिग्नलशी ती ताडून पाहतो. बहुतेक वेळा पिन ठरल्या जागीच वर जाते. परंतु स्क्रीनवर जुन्या रेषा साठू दिल्या, की मिनिटाभरात उजव्या बाजूला एक पुसट पट्टा उमटतो, आणि तो सात-आठ मायक्रोसेकंदांपर्यंत पसरलेला असतो; म्हणजे इंटरप्ट कधीकधी तेवढा उशिरा सुरू होतो.

कर्नल आपल्या रांगांना हात लावताना इंटरप्ट अडवून धरते, हे त्यामागचे कारण असावे असे वाटते. त्यावर उपाय म्हणून लॉक-फ्री, म्हणजे कोणालाही अडवून न धरणाऱ्या, रांगांविषयी वाचायला घेतले, तर जिथे-तिथे ‘जमेपर्यंत पुन्हा प्रयत्न करा’ असा लूप दिसला. ज्या प्रणालीत प्रत्येक कामाला कमाल वेळेची मर्यादा सांगावी लागते, तिथे असा लूप कसा चालेल, हे मला कळत नाही. सहकारी म्हणतात की हे सगळे विद्यापीठातले चोचले आहेत. तुमचा अनुभव काय आहे?

जुना_सोल्डर
औषध नंतर पाहू, आधी नाडी दाखवा. इंटरप्ट आठ मायक्रोसेकंद कोण अडवतो आहे, हे शोधले का? १६८ मेगाहर्ट्झला आठ मायक्रोसेकंद म्हणजे तेराशेहून जास्त सायकल होतात. रांगेतले दोन पॉइंटर बदलायला एवढा वेळ लागत नाही. रांगेतून जाणाऱ्या एका नोंदीचा आकार किती आहे, तेवढे सांगा.

तर्कटे
मूळ प्रश्नातली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शब्दांच्या व्याख्येतच आहे. लॉक-फ्री याचा अर्थ एवढाच, की अनेकजण एकाच वस्तूवर झटत असताना त्यांच्यापैकी कोणाचे तरी काम नक्की पुढे सरकते. ‘कोणाचे तरी’ म्हणजे ‘तुमचे’ नव्हे. प्रत्येकाचे काम ठरावीक पायऱ्यांत पुरे होण्याची हमी हवी असेल, तर तिला वेट-फ्री म्हणतात, आणि ती बरीच महाग असते. मॉरिस हर्लिही यांनी १९९१ साली या विषयाची नीट मांडणी केली. साधे वाचन-लेखन पुरवणाऱ्या मेमरीवर दोघांचेसुद्धा एकमत घडवता येत नाही, तर कम्पेअर-अँड-स्वॅपने (किंमत अजून अपेक्षित तीच असेल तरच ती एका दमात बदलणारी सूचना) कितीही जणांचे घडवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

एसटी स्टँडवरचे उदाहरण घ्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे म्हणजे लॉक. लॉक-फ्री म्हणजे रुमाल कोणी टाकायचा नाही, थेट आत शिरून बसायचे, आणि आपण बसेपर्यंत दुसरा बसला तर खाली उतरून पुढच्या गाडीला पुन्हा धडपडायचे. प्रत्येक गाडीत कोणीतरी बसतेच. पण तुम्ही रात्रीपर्यंत स्टँडवरच उभे राहू शकता. रिअल-टाइम प्रणालीला असली हमी काय कामाची?

प्रतीक्षालय
आणि रुमाल टाकणारा गृहस्थ चहा प्यायला गेला, तर त्याला प्राधान्याची उलटापालट म्हणायचे. :)

हेच मंगळावर घडले होते. पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्ककडे एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारे लॉक, होते. यानातल्या माहितीच्या बसचे (उपकरणांना जोडणाऱ्या मार्गाचे) व्यवस्थापन करणारे उच्च प्राधान्याचे टास्क त्याची वाट पाहत होते, आणि मधल्या प्राधान्याची टास्के हवामानाच्या टास्कला प्रोसेसरच मिळू देत नव्हती. शेवटी वॉचडॉगचा, म्हणजे काम वेळेत न झाल्यास संगणक रीसेट करणाऱ्या पहारेकऱ्याचा, संयम संपला. लॉक टाळायला हवेत, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

तर्कटे
प्रतीक्षालय, हा दाखला तुमच्याच विरोधात जातो. पाथफाइंडरवरचा उपाय लॉक काढून टाकण्याचा नव्हता. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या कर्नलच्या त्या म्यूटेक्सवर प्राधान्याचा वारसा देण्याची (लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देण्याची) सोय होती, ती बंद ठेवलेली होती, आणि पृथ्वीवरून ती चालू केल्यावर त्रास मिटला. त्या पद्धतीचे विश्लेषण शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० सालीच छापलेले होते. सांगायचे ते एवढेच, की लॉक शिस्तीत वापरले तर त्यांनाही कमाल वेळेची मर्यादा घालता येते.

शेवंती
तर्कटे, व्याख्या तुम्ही अचूक सांगितल्या. पण भोसरीकरांच्या बोर्डावर एकच कोअर आहे आणि टास्के प्राधान्याने चालतात, हे दोन मुद्दे तुमच्या स्टँडवरून निसटले. अशा प्रणालीत माझा प्रयत्न फसायचा असेल, तर माझ्या वाचनाच्या आणि लेखनाच्या मधल्या क्षणी कोणीतरी वरच्या प्राधान्याचा शिरला पाहिजे, आणि तो माझ्याकडे प्रोसेसर परत देतो तेव्हा त्याचे स्वतःचे काम पुरे झालेले असते. म्हणजे एका शिरकावामुळे माझी जास्तीत जास्त एक फेरी वाया जाते. माझ्या मुदतीच्या आत वरचे किती वेळा शिरू शकतात, हा आकडा आपल्याला शेड्यूल तपासताना तसाही काढावाच लागतो; तेवढ्याच फेऱ्या हिशेबात धरायच्या. अँडरसन, राममूर्ती आणि जेफे यांनी १९९५ साली हीच गोष्ट रीतसर सिद्ध केली.

आकड्यांत पाहू. फेरी ३० सायकलची असेल तर ती सुमारे ०.१८ मायक्रोसेकंदाची होते. तुमचा इंटरप्ट ५० मायक्रोसेकंदांतून एकदा येतो, म्हणून खालच्या टास्कचा त्या इंटरप्टमुळे होणारा तोटा दर ५० मायक्रोसेकंदांना फार तर ०.१८ इतका. शिवाय सगळ्यात वरच्या इंटरप्टच्या मधे कोणी शिरूच शकत नाही, म्हणून त्याचा पहिला प्रयत्न नेहमी यशस्वी ठरतो. तोच लूप खालच्यासाठी लॉक-फ्री आणि वरच्यासाठी वेट-फ्री होतो. लॉकच्या बाबतीत खालच्यामुळे वरचा खोळंबतो. इथे झळ बसते ती खालच्याला, आणि रिअल-टाइममध्ये आपल्याला नेमके तेच हवे असते.

तर्कटे
एका कोअरपुरते मान्य आहे. दोन कोअर झाले की मला हटवणारा माझ्याशेजारी समांतर धावत असतो, तो माझ्यावर शिरकाव करत नाही, आणि मग ‘एका शिरकावाला एक फेरी’ हा हिशेब कोसळतो. तिथे मर्यादा काढायला दुसऱ्या कोअरवरची टास्के किती वेळा त्या वस्तूला हात लावतात, हे वेगळे मोजावे लागेल. हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

शेवंती
ते माझेही म्हणणे आहे. :)

भोसरीकर
सोल्डरकाका, नाडी सापडली. संपर्काचे टास्क नोंदवहीच्या टास्ककडे २४० बाइटची नोंद कर्नलच्या रांगेतून पाठवते. कर्नल ती नोंद रांगेत नक्कल करते, आणि ही नक्कल इंटरप्ट अडवलेल्या अवस्थेतच होते. त्यात आम्ही जागा वाचवण्यासाठी सी लायब्ररीची छोटी आवृत्ती जोडली आहे, आणि तिचे मेमकॉपी एकेक बाइट उचलून ठेवते. डिसअसेंब्लीत तो चार-पाच सूचनांचा लूप २४० वेळा फिरताना पाहिला तेव्हा तेराशे सायकलचा हिशेब लागला.

जुना_सोल्डर
मग चोर घरातलाच निघाला. नोंद पाठवू नका, नोंदीचा पत्ता पाठवा. चार बाइटची नक्कल करायला वेळ लागत नाही. तुमचा निम्म्याहून जास्त त्रास एकही लॉक न काढता जाईल.

सांगलीची_हळद
पत्ते पाठवायचे म्हटल्यावर मेमरीच्या मोकळ्या ठोकळ्यांचा साठा लागणार, आणि तो साठा लॉक-फ्री करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, म्हणून आधीच सावध करते. मोकळ्या ठोकळ्यांची साखळी, म्हणजे ट्रायबर यांची १९८६ सालची रचना, कागदावर चार ओळींची आहे: शेंडा वाचा, त्याच्या पुढचा वाचा, आणि शेंडा अजून तोच असेल तर पुढच्याला शेंडा करा. घोळ ‘अजून तोच असेल तर’ यात आहे. मी ‘अ’ आणि त्याच्या पुढचा ‘ब’ वाचून ठेवला. तेवढ्यात इंटरप्टने ‘अ’ उचलला, ‘ब’ उचलला आणि ‘अ’ परत ठेवला. मी पाहते तर शेंडा ‘अ’च आहे, म्हणून निर्धास्तपणे ‘ब’ला शेंडा करते, आणि ‘ब’ तर दुसऱ्याच्या वापरात आहे. आता तो ठोकळा दोघांचा झाला.

यावर मंडळी सांगतात की आर्म प्रोसेसरवर एलडीरेक्स आणि एसटीरेक्स या सूचना आहेत (पहिली वाचून ती जागा राखून ठेवते, दुसरी राखण टिकली असेल तरच लिहिते), आणि मधे कोणताही इंटरप्ट येऊन गेला की कॉर्टेक्स-एमवर राखण पुसली जाऊन एसटीरेक्स फसतेच, त्यामुळे हा घोळ होत नाही. हे खरे आहे, परंतु पुढचा शेंडा वाचण्याचे काम त्या दोन सूचनांच्या आत असेल तरच. सी-११चे तयार कम्पेअर-एक्स्चेंज वापरले, तर शेंडा आणि पुढचा या दोन्हींचे वाचन त्या जोडीच्या बाहेर, आधीच होऊन जाते. जोडी केवळ किमतींची तुलना करते, आणि दारातून हाकललेला घोळ खिडकीतून परत येतो. माझे या प्रकारात तीन आठवडे गेले आहेत.

आणखी एक: डीबगरमध्ये त्या दोन सूचनांच्या मधे पायरीपायरीने जाऊ नका. आमच्याकडे प्रत्येक पायरीला राखण पुसली जात होती, आणि बोर्डाऐवजी मीच अनंत लूपमध्ये अडकले होते.

शेवंती
हळदताई, म्हणूनच मी साखळी टाळते. दोन रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या रांगा) ठेवावेत: एकातून भरलेल्या ठोकळ्यांचे पत्ते जातात, दुसऱ्यातून रिकामे परत येतात. प्रत्येक बफरला एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा असल्यामुळे कम्पेअर-अँड-स्वॅपची गरजच उरत नाही. एलडीरेक्स नसलेल्या कॉर्टेक्स-एम०वरसुद्धा हे चालते.

प्रतीक्षालय
एकच लिहिणारा, एकच वाचणारा म्हणजे दोन निर्देशांक आणि एक मोजणी, एवढेच ना? त्यात अवघड काय आहे?

जुना_सोल्डर
त्या मोजणीनेच एकदा माझी दिवाळी घालवली आहे. एका जुन्या प्रकल्पात, कंपनीचे नाव सांगत नाही, इंटरप्ट मोजणी एकने वाढवत असे आणि टास्क एकने कमी करत असे. सी भाषेत ती एक ओळ दिसते. प्रोसेसरसाठी त्या तीन सूचना आहेत: वाचा, वजा करा, परत ठेवा. टास्कने सात हा आकडा वाचला, इंटरप्टने त्याचे आठ केले, आणि टास्कने परत येऊन सहा लिहिले. एक नोंद कायमची हरवली. हे चार-पाच दिवसांतून एकदा घडत असे, त्यामुळे प्रत्येक वेळी संशय केबलवर जाई. तीन केबल बदलल्या.

मोजणी ठेवायचीच नाही. शेपटाचा निर्देशांक फक्त लिहिणाऱ्याने बदलायचा, डोक्याचा फक्त वाचणाऱ्याने. दोन्ही बिनचिन्ह ठेवून न थांबता वाढू द्यायचे, बफरचा आकार दोनच्या घातात ठेवायचा, आणि किती नोंदी आहेत ते वजाबाकीने काढायचे. निर्देशांक शून्याकडे वळला तरी वजाबाकी बरोबरच येते.

शेवंती
आणि क्रम सांभाळायचा: आधी नोंद लिहायची, मग शेपूट पुढे सरकवायचे. निर्देशांकाला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा, अशी कंपायलरला ताकीद) म्हटले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु नोंद स्वतः साधी असेल, तर कंपायलर तिचे लेखन निर्देशांकाच्या पलीकडे नेऊ शकतो. सी-११मध्ये रिलीज आणि अक्वायर हे क्रम नेमके यासाठी आहेत. एका कोअरवर टास्क आणि इंटरप्ट यांच्यात कंपायलरला बांधून ठेवले की पुरते. दोन कोअर असतील तर प्रोसेसरलाही बांधावे लागते, आणि त्यासाठी डीएमबी ही सूचना असते.

ड्रेस्डेनचा_पाहुणा
मूळ प्रश्न कर्नलच्या आतल्या रांगांचा होता, म्हणून त्याविषयी लिहितो. संपूर्ण कर्नल लॉकशिवाय लिहिण्याचा प्रयत्न खरोखर झालेला आहे. मॅसालिन आणि पू यांनी कोलंबिया विद्यापीठात सिंथेसिस नावाचे कर्नल तसे बांधले आणि १९९१ साली त्याविषयी लिहिले. पण त्यांच्या हाताशी मोटोरोलाच्या ६८०३० प्रोसेसरची एक खास सूचना होती, जी मेमरीतल्या दोन वेगवेगळ्या जागा एका दमात तपासून बदलत असे. दुहेरी साखळीतून एक टास्क काढायचे म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांचे पॉइंटर बदलावे लागतात, आणि तिथे ती सूचना उपयोगी पडते. पुढे मोटोरोलानेच ६८०६०मध्ये ती हार्डवेअरमधून काढून टाकली. कॉर्टेक्स-एमवर एका वेळी एकच शब्द राखता येतो, त्यामुळे तयार टास्कांची दुहेरी साखळी एका झटक्यात बदलण्याचा मार्गच नाही.

मी राहतो त्या शहरातल्या तांत्रिक विद्यापीठात फियास्को हे सूक्ष्म कर्नल लिहिले गेले. होमुथ आणि हेर्टिग यांनी २००१ साली मांडलेला त्यामागचा विचार मला व्यवहारी वाटतो: साध्या, वारंवार लागणाऱ्या वस्तू लॉक-फ्री करा, आणि गुंतागुंतीच्या वस्तूंवर असे लॉक ठेवा, ज्यात वाट पाहणारा स्वस्थ बसत नाही, तर लॉक धरून बसलेल्याला आपला वेळ देऊन त्याचे काम पुरे करवून घेतो. रुमालवाल्याला चहाच्या टपरीवरून ओढून आणून जागेवर बसवायचे, आणि मग आपण पुढे जायचे.

भोसरीकर, तयार टास्कांच्या यादीला हात लावू नका. सगळे लॉक-फ्री करणे हे तुमचे उद्दिष्ट नाही. एका इंटरप्टला कोणी अडवू नये, एवढेच आहे.

लिनक्सवाला_लातूर
लिनक्समध्येही शेवटी हेच झाले. रिअल-टाइमचे पॅच २००४च्या सुमारास सुरू झाले आणि मुख्य कर्नलमध्ये त्यांचा पूर्ण समावेश ६.१२ या आवृत्तीत, २०२४ साली झाला. सर्वांत शेवटी अडून बसलेल्या गोष्टींपैकी एक होती संदेश छापणारे प्रिंटके. त्याच्यासाठी लॉक नसलेला रिंग बफर ५.१० या आवृत्तीत, २०२० साली आला. इतकी वर्षे खोळंबा कशाचा, तर नोंदवहीचा! भोसरीकरांचीही नोंदवहीच निघाली, हा योगायोग नसावा.

भोसरीकर
सगळ्यांचे आभार. मग नेमके करावे काय? इंटरप्ट कधीच अडू नये आणि त्याचा नमुना (मोजलेली किंमत) मात्र टास्कपर्यंत पोहोचावा, एवढेच मला हवे आहे.

शेवंती
फ्रीआरटॉससारखी कर्नले कॉर्टेक्स-एम४वर सगळे इंटरप्ट अडवत नाहीत. बेसप्राय नावाच्या रजिस्टरमध्ये एक प्राधान्य लिहितात, आणि त्या रेषेखालचे तेवढे अडतात. मोटरचा इंटरप्ट रेषेच्या वर ठेवा, म्हणजे कर्नल आत काहीही करत असले तरी तो वेळेवर येईल. (कॉर्टेक्स-एम०वर बेसप्राय नाही, तिथे ही सोय मिळणार नाही.) अट एकच आहे: रेषेच्या वरच्या इंटरप्टने कर्नलचे कोणतेही फंक्शन बोलवायचे नाही, कारण तो कर्नलला अर्ध्या कामात पकडू शकतो. लॉक-फ्री रिंग बफरची खरी जागा हीच आहे.

भोसरीकर
पण मग टास्कला जागे कोणी करायचे? सेमाफोर (थांबलेल्या टास्कला जागे करणारी खूण) देणे हेही कर्नलचेच फंक्शन आहे.

जुना_सोल्डर
दोन वाटा आहेत. बोर्डावर न वापरलेला एखादा इंटरप्ट शोधा, त्याचे प्राधान्य रेषेखाली ठेवा, आणि मोटरच्या इंटरप्टमधून त्याचा प्रलंबित बिट उचला. एका रजिस्टरात एक लेखन, बस. कर्नलने रेषा खाली केली की तो इंटरप्ट चालेल आणि सेमाफोर देईल. दुसरी वाट आणखी साधी आहे: टास्कने दर मिलिसेकंदाला स्वतःच येऊन पाहावे. मिलिसेकंदाला २० नमुने येतात. ६४ जागांचा बफर ठेवला तर टास्क दोन मिलिसेकंद उशिरा आले तरी चालते. मी दुसरी घेतली असती.

लिनक्सवाला_लातूर
बफर भरला तर सगळ्यात जुना नमुना टाकून द्यावा, ताजा ठेवावा.

सांगलीची_हळद
तसे करू नका. जुना टाकायचा म्हणजे लिहिणाऱ्याने डोक्याचा निर्देशांक सरकवायचा, आणि तो वाचणाऱ्याच्या मालकीचा आहे. एका निर्देशांकाला दोन मालक झाले की सोल्डरकाकांच्या मोजणीचीच गत होते. नवा नमुना टाकावा आणि किती टाकले याची वेगळी नोंद ठेवावी. ती फक्त लिहिणाऱ्याने वाढवायची. फक्त ताजी किंमतच हवी असेल, तर तो रांगेचा प्रश्नच नव्हे. त्यासाठी सिम्पसन यांची १९९० सालची चार कप्प्यांची रचना पाहा. तिच्यात वाचणारा आणि लिहिणारा या दोघांपैकी कोणीच थांबत नाही आणि कोणीच पुन्हा प्रयत्न करत नाही, म्हणजे तर्कट्यांनाही ती मान्य होईल.

तर्कटे
मान्य आहे. ती खऱ्या अर्थाने वेट-फ्री आहे.

भोसरीकर
बारा दिवसांनी लिहितो आहे. २४० बाइटच्या नोंदींचे आता फक्त पत्ते जातात; एवढ्यानेच पट्टा दीड मायक्रोसेकंदाच्या आत आला. मग इंटरप्ट रेषेच्या वर नेला आणि ६४ जागांचा बफर बसवला. रात्रभर रेषा साठवून सकाळी पाहिले, तर पट्टा ०.३ मायक्रोसेकंदाहून रुंद नव्हता, आणि टाकून दिलेल्या नमुन्यांची नोंद शून्य होती. कर्नलच्या एकाही ओळीला हात लावला नाही.

फक्त एक विचित्र गोष्ट दिसली. मोटर थांबलेली असताना सेटिंग फ्लॅशमध्ये साठवली, की पिन काही मिलिसेकंद वर जातच नाही, आणि तरीही टाकलेल्या नमुन्यांची नोंद शून्यच राहते. नमुने हरवतात, पण बफरला त्याचा पत्ताच नाही.

जुना_सोल्डर
बफरला कसा असणार, इंटरप्टच चालला नाही तर टाकणार कोण? फ्लॅशचा भाग पुसला जात असताना त्याच फ्लॅशमधून सूचना वाचता येत नाहीत, म्हणून प्रोसेसरच उभा राहतो. इंटरप्टचे फंक्शन आणि व्हेक्टरचा (इंटरप्टच्या फंक्शनांच्या पत्त्यांचा) तक्ता, दोन्ही रॅममध्ये न्या. आणि त्याच्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.